पावशेर

पहिलं कमिशन आलं तेव्हा गणपती पेठेत उभ्याउभ्या
भडंगाच्या दोन पुड्या घेतल्या,
आणि अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणं म्हणजे काय
ते मला वेगळं कुणी सांगायची गरज उरली नाही.

माझा धंदा शब्दांचा.
कुकर, गादी, केसांचं तेल, आणि त्या साली हळद.
मी लिहायचो, लोक फोनवर वाचायचे,
वाचता वाचता पैसे पाठवायचे.
बार्शी, निपाणी, एकजण तर थेट इटारसीहून.
मला त्याचं नवल वाटायचं नाही,
हेच आता नवल वाटतं.

मार्केट यार्डातल्या पेढीनं पुडी पाठवली होती.
ती टेबलावर तशीच, वरची पिनही न काढलेली.
मी लिहिलं:
'चार महिने आमच्या घरी हीच. आईच्या हाताची आठवण येते.'
आई तेव्हा इस्लामपूरला, बहिणीकडे.
चार महिने मी खानावळीत जेवत होतो.

मंगळवारी दुपारी फोन आला.
"मी आक्काताई बिरनाळे, कवठे एकंदची.
शाळेत पोरांचा भात शिजवला अठरा वर्षं.
तुमचं वाचून दोन किलो घेतली.
एक विचारू काय?
चार महिने खाल्ली म्हणताय,
तर कशात घातलीसा?"

किती भाषा आहे माझ्याकडे.
'अस्सल' आहे, 'विश्वासाची परंपरा' आहे,
'पिढ्यान्‌पिढ्या' तर तीन तऱ्हांनी लिहून देतो.
एका भाजीचं नाव येईना.
"आमटीत," म्हणालो शेवटी.
"कसली आमटी?"

ती रागावली नाही.
"बरं," म्हणाली, आणि फोन ठेवला,
काही न घेता दुकानाची पायरी उतरावी तसा.

त्या आठवड्यात हरिपूरला गेलो. का, ते नीट सांगता येत नाही.
महापुरानं बरीच पेवं बुजवली, थोडी उरलीत.
दस्तगीर मुल्लानं झाकण सरकवलं,
दोरीला कंदील बांधून खाली सोडला.
"आधी दिवा जातो, मग माणूस.
दिवा विझला तर वर बसायचं, वारा खेळू द्यायचा.
घाई केलेले दोघं माझ्या बापानं बाहेर काढलेत."

कंदील खाली जात राहिला.
मातीच्या भिंती, आणि एक वास,
ज्याला आजवर मी 'सुगंध' म्हणून मोकळा झालो होतो.
त्यानं एक हळकुंड माझ्या कानाशी धरून मोडलं.
खट्.
"पॉलिशला आवाज नसतोय," म्हणाला,
आणि पुढच्या पेवाकडे गेला.

रात्री लिहिलं:
'ती हळद मी खाल्ली नव्हती. पुडीची पिन अजून तशीच आहे.
दोन हजार सातशे मिळाले होते, परत केले.
ज्यांनी घेतली त्यांनी मला फोन करावा.'
वाचून पाहिलं, आणि बरं वाटलं,
जाहिरात जमल्यावर वाटतं तसंच.
म्हणून पुसलं.
पुन्हा लिहिलं, आणखी लहान.

निम्मे लोक गेले.
"हा नवा डाव काय?" एकानं विचारलं.
त्याला द्यायला माझ्याकडे शब्द होते,
दिले नाहीत.

आता स्वयंपाक करतो. वाईट करतो.
पातेलं करपलं तर तेही लिहितो,
आणि जे शिजवलं नाही त्याबद्दल गप्प बसतो.
महिन्याचे पैसे कमी येतात. हे भूषण नव्हे,
घरमालकाला विचारा.

सात महिन्यांनी, पुन्हा दुपारीच:
"आक्काताई बोलतीय.
ते हरिपूरचं लिहिलंय, वाचलं. मागवून द्या."
"किती?"
पलीकडे भांडं वाजलं, कुणीतरी नळ बंद केला.
"पावशेर," म्हणाली.
"आधी पावशेर."

दस्तगीरच्या काट्यावर मीच तोललं.
वर दोन हळकुंडं जास्तीची टाकली,
मग काढून घेतली.